बाईंनी उभी केलेली शोधसेवा

ऑफिसात त्यांना सगळे ‘बाई’च म्हणायचे. उमेदीची वर्षं शाळेत गणित शिकवण्यात गेली आणि केस पिकायला लागल्यावर त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. नवऱ्यानं विचारलं होतं, “या वयात?” बाई म्हणाल्या, “मग कोणत्या?” विषय तिथेच मिटला.

शहरातल्या सगळ्या वाचनालयांची पुस्तकं एकाच जागी शोधता यावीत, हे काम त्यांच्याकडे आलं. जुन्या शोधसेवेत नाव अचूक टाइप केलं तरच पुस्तक सापडायचं. नवी शोधसेवा तीन मशीनवर चालणार होती. एखादीकडून उत्तर आलं नाही, तर ती पुन्हा उभी करण्याची जबाबदारी या तिन्ही मशीनचा गट, म्हणजे क्लस्टर, सांभाळणाऱ्या टूलची. बाईंनी सगळी मांडणी लिहिली, चहा संपवला आणि सेवा चढवली.

सेवा सुरू झाली, बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. साहेब वयानं बाईंच्या धाकट्या भावाएवढे, पण सदा जीव मुठीत धरून बसणारे. ते खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“बाई, मेमरी वाढवा. नाहीतर जुनंच चालू ठेवू.”

“जुनं चालूच आहे, त्याला मी हात लावलेला नाही. मेमरीही भरपूर आहे. जरा लॉगमधल्या नोंदी वाचू द्या.”

लॉग वाचता वाचता बाई हसल्या. सेवा उठल्याबरोबर पुस्तकांची भलीमोठी सूची वाचायला घ्यायची. तेवढ्यात टूल विचारायचं, जिवंत आहेस का? तिला उत्तर द्यायला सवड कुठली? उत्तर नाही म्हणजे मेली, असं धरून टूल तिला बंद करायचं आणि नव्यानं उठवायचं.

“काही मुलं फळ्याकडे बघत विचार करतात,” बाई म्हणाल्या. “त्यांना लगेच ढ म्हणून कसं चालेल?”

त्यांनी टूलला सुरुवातीला जरा दम धरायला सांगितलं. तिन्हीकडे सेवा उभी राहिली. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

“आता यातली एक मी मुद्दाम पाडते,” बाई म्हणाल्या.

“चांगलं चाललंय, कशाला खाजवून खरूज काढताय?”

“आत्ता आपण दोघं इथे आहोत म्हणून.”

पाडली, आणि वाचनालयात काम करणाऱ्या नणंदेला फोन लावला. “नव्या शोधसेवेत काहीतरी शोधून बघ गं.”

“वहिनी, नाव चुकीचं टाइप केलं तरी पुस्तक सापडलं. का, काही बिघडलंय का?”

“नाही, काही नाही.”

जुनी सेवा बाईंनी आणखी काही दिवस चालू ठेवली. मग एका दुपारी स्वतःच्या हातानं बंद केली, आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या.