नाकागोवरचा गंज

माझ्या मुलीला तलवारबाजी शिकवणारे गुरुजी वारले आणि जाताना स्वतःची जुनी जपानी तलवार तिला देऊन गेले. महिनाभर ती डोळे पुसत होती. मग कामासाठी तिला तीन आठवडे बाहेर जायचं होतं, म्हणून तलवार आमच्या गावी, कॅरीला, आणून ठेवली. "बाबा, प्लीज, हिला काही करू नका," एवढंच बजावलं. उभा जन्म मशिन शॉपमध्ये काढलेल्या माणसाला असं सांगून जायचं म्हणजे कमालच झाली.

बरं, रिटायर झालेलो, वेळ मुबलक. म्हटलं, निदान माहिती तरी करून घेऊ. पण कसलं काय! आपलं मूठ, पातं, म्यान यात भागतं. त्यांच्याकडे बोटभर जागेलाही वेगळं नाव. मूठ म्हणजे त्सुका, तिच्यापुढची चकती त्सुबा, धारेजवळची धुरकट नागमोडी रेघ हामोन. मुठीत शिरलेला पात्याचा भाग नाकागो, आणि तो जागेवर धरणारी बांबूची खुंटी मेकुगी. आठवडाभर घोकत होतो. सकाळी पाठ केलेलं दुपारी सफाचट. वैताग नुसता!

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी माझा मायक्रोमीटर, पाने, ड्रिल, सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. घरात खरंखुरं शस्त्र असताना ते तसंच कसं ठेवायचं? मेकुगी हलकेच ठोकून काढली, मूठ ओढली, आणि बघतो तर पातं आरशासारखं लख्ख आणि नाकागो काळाकुट्ट गंजलेला. मला गुरुजींचाच राग आला. दिसत नाही म्हणून घासायचं नाही, हा कुठला कारभार? गंज काढायचं औषध आणि तारेची घासणी घेऊन सगळी दुपार बसलो. नाकागो चांदीसारखा केला, झेंडू वाहिला. बायको म्हणत होती, पोरीला एकदा विचारा. मी ऐकलं नाही.

मुलगी परत आल्यावर मी सगळी नावं धडाधड म्हणून दाखवली आणि ऐटीत मूठ काढली. ती खुर्चीत बसलीच. मग तिने इंग्रजीत, अगदी सावकाश सांगितलं की नाकागोवरचा गंज कधीच काढत नाहीत. तलवारीचं वय त्याच्या रंगावरून ओळखतात. गुरुजी पात्याला नेमाने तेल लावायचे, पण तिथे त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मी म्हटलं, मी परत आणतो ना गंज, त्यात काय, केमिकल मिळतात.

"तीनशे वर्षं लागली होती त्याला, बाबा," ती मराठीत म्हणाली.

भांडली असती, दार आपटलं असतं तर परवडलं असतं. उलट माझीच समजूत काढत राहिली, इट्स ओके, इट्स ओके. असा संताप झाला माझा, आणि तो काढायला समोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

उन्हाळ्यात ती पुन्हा कामासाठी बाहेर गेली. तलवार मैत्रिणीकडे ठेवली होती. आम्हाला ते त्या मैत्रिणीकडून कळलं.