‘हौ’ म्हणजे पोच नव्हे

३ सप्टेंबर, सकाळी ६.४०. आमच्या पूर-मदत तुकडीची कंट्रोल रूम गंगाखेड तालुक्यातील एका उंचावरच्या शाळेत सुरू झाली. मी लष्कराच्या सिग्नल्सची कॅप्टन, गाव झरी. संपर्काची जबाबदारी माझी होती, आणि ‘संदेश पोहोचला’ सांगणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर विश्वास न ठेवणे हा त्या जबाबदारीचाच भाग.

माहिती पाठवण्याचे दोन प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच, वापरात होते. जवानांच्या लाइफ जॅकेटमधले ट्रॅकर आपले स्थान यूडीपीने पाठवत. यूडीपी पोच मागत नाही. माहितीचे एक पॅकेट हरवले तरी लगेच पुढचे येते. शिळ्या स्थानासाठी थांबण्यात अर्थ नसतो. रेडिओचा आवाजही त्याच मार्गाने. लेखी आदेश मात्र टीसीपीने. तो प्रत्येक तुकड्याची पोच घेतो, हरवलेला पुन्हा पाठवतो. वेळ लागतो, पण आदेशातला ‘नका’ गळून चालत नाही.

दुपारी आदेश गेला: वरच्या धरणातून पाणी सोडले आहे. पुरात अडकलेल्या वस्तीवर एकच फेरी. बोटीत सहापेक्षा जास्त बसवू नका.

पोच आली. यंत्राला मिळाले, एवढाच तिचा अर्थ. बोटीवर नाईक माणिक होता, माझ्याच भागातल्या ताडकळसचा, आणि बोट चालवायला एक सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा जवान.

“आदेश कळला? ओव्हर.”

“हौ मॅडम, हौ.”

आमच्याकडे फोनवर ‘हौ’ म्हणजे ‘ऐकायलोय, बोला’. परक्या अधिकाऱ्याने ते ‘रॉजर’, म्हणजे ‘समजले’, असे धरले असते.

“वाचून दाखवा.”

“टॅब भिजलाय. पडदा काळा हाय. तुमी झरीवाले लय शंकेखोर.”

मी आदेश वाचला. त्याने शब्दशः परत म्हटला. मग म्हणाला, “छतावर पाच हायती. आमी दोघं. सात झाले.”

“दुसरी बोट निघते आहे.”

“मग सॅपर पाचांना आणतो. मी छतावर थांबतो, दुसऱ्या बोटीची वाट बघतो. बोटीत सहाच. वाचून दाखवलं, मॅडम.”

बोट सहा जणांसह परतली. दुसरी पोहोचण्याआधी लोंढा आला आणि छत बसले. माणिकचा ठिपका नकाशावर सरकत राहिला.

कंट्रोल रूममधले मेजर म्हणाले, “हलतोय. पोहत असेल.”

मला ते पटले नाही. तो वेग पाण्याचा होता.

रेडिओवर मी हाका मारत राहिले. ‘हौ’ आले नाही. ट्रॅकरची पॅकेटे येत राहिली, मग थांबली. यूडीपी पोच मागत नाही. तरीही शेवटच्या पॅकेटची पोच मी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिली: क्रमांक १८४६, मिळाले.