तुम्ही काय दाबलं?

घरातला कॉम्प्युटर बिघडला की आमच्याकडं आधी माझी चौकशी होते, मग कॉम्प्युटरची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी सोयगाव तालुक्यात. निवृत्त होऊन मुकुंदवाडीच्या घरी परत आले तेव्हा मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर मला दिला. मला त्यावर एकच काम करायचं होतं. माझे वडील, आबा, रेल्वेत गँगमन होते. चाळिशीनंतर ते लिहायला शिकले आणि पुढं हात चालेपर्यंत शाळेच्या वह्यांमध्ये पेन्सिलीनं लिहीत राहिले. कुठल्या गेटाजवळ उन्हानं रूळ वाकला, कोणत्या मुकादमानं ओंजळीत वरून पाणी ओतलं, दीक्षा घेऊन आल्यावर आईनं देव्हाऱ्याच्या कोनाड्यात काय ठेवलं, असं सगळं. अशा सहा वह्या होत्या. मी त्या एकेक करून टाइप करत होते. त्यातल्या दोन वह्यांना वाळवी लागली, पण तोवर त्या टाइप झाल्या होत्या. म्हणजे आता त्या दोन वह्या फक्त कॉम्प्युटरात होत्या. दुसरीकडं कुठं उतरवून ठेवायला हव्या होत्या. तेवढं माझं चुकलं, ते मी मान्य करते.

मे महिन्यात लाइट सारखी ये-जा करत होती. एका दुपारी लाइट आल्यावर कॉम्प्युटर चालू केला तर टूंऽ असा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली. मी ती वाचली. तारीख आणि वेळ नोंदलेली नाही, पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा, असा त्याचा अर्थ होता. मी तो मजकूर कॅलेंडरच्या मागं जसाच्या तसा उतरवला आणि एफ-वन दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला, पण कोपऱ्यातली तारीख पंधरा वर्षं मागं गेलेली. इंटरनेटवर एकही पान उघडेना, प्रत्येक ठिकाणी ‘हे सुरक्षित नाही’ असा इशारा. तारीख नीट लावली की सगळं उघडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यजमानांना सांगितलं. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचे. ते म्हणाले, “काहीतरी दाबलं असशील.”

पुण्याला मुलाला फोन लावला. तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे. मी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायला लागले, तोच तो म्हणाला, “आई, ते राहू दे. तू काय दाबलंस ते सांग.”

“मी काहीच दाबलं नाही. लाइट गेली, आली, मग हे आलं.”

“आपोआप नसतं होत असं. दुकानात दाखवून घ्या.”

जालना रोडच्या आतल्या गल्लीत एक दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही दोघं रिक्षानं कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेलो. दुकानदार पस्तिशीचा असेल. त्यानं वायर जोडली, काळा पडदा आला, आणि मी ‘वाचा’ म्हणायच्या आत त्यानं बटण दाबून तो घालवला. मग माझ्या खांद्यावरून यजमानांकडं बघत म्हणाला, “काका, व्हायरस लई झालाय. फॉरमॅट मारावं लागंल.”

“फॉरमॅट म्हणजे?” मी विचारलं.

“सगळं साफ. नवं कोरं करून देतो.”

“आतलं लिखाण?”

“ते जातं ना मॅडम. काय महत्त्वाचं हाये का? फोटोबिटो?”

त्यानं हे असं विचारलं, जसं कुणी ‘पिशवी पाहिजे का’ विचारतं. मी म्हणाले, “तिथं तारखेचं काहीतरी लिहून येतंय. तुम्ही ते वाचलं का?”

“वाचायची गरज नाय मॅडम. रोज पन्नास बघतो.”

“न वाचता?”

तो हसला आणि पुन्हा यजमानांकडं वळला. “काका, तुम्ही सांगा. ठेवून जाता का?”

यजमान ‘ठेवतो’ म्हणणारच होते. मी वायर उपसली आणि डबा उचलला. परतीच्या रिक्षात तो माझ्या मांडीवर होता आणि यजमान बाहेर बघत होते. मुकुंदवाडी आल्यावर त्यांनी विचारलं, “त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?”

मी डबा घेऊन रिक्षातून उतरले.

घरी मी कॅलेंडरच्या मागचा मजकूर समोर घेतला आणि वर्गात गणित सोडवायचे तशी बसले. पहिल्या दिवशी तारीख लावून कॉम्प्युटर बंद केला, पण भिंतीवरचं बटण चालू ठेवलं. सकाळी तारीख बरोबर होती. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं बटणही बंद केलं. सकाळी पुन्हा पंधरा वर्षं मागं. पाचवीच्या मुलीलाही कळेल इतकी सरळ गोष्ट होती. भिंतीतून वीज मिळते तोवर ह्याचं घड्याळ चालतं, वीज तुटली की बंद पडतं. मग इतकी वर्षं वीज नसताना ते कशावर चालत होतं?

मी मुलाला फोन करून नेमकं तेवढंच विचारलं.

तो म्हणाला, “आत एक छोटा सेल असतो, आई. घड्याळात असतो तसा. तो संपला असेल.”

“तुला हे माहीत होतं?”

“हो, म्हणजे... सगळ्यांनाच माहीत असतं.”

“मग परवा का नाही सांगितलंस?”

“तू काहीतरी दाबलं असेल असं वाटलं गं.”

मी फोन ठेवून दिला. मी त्याला बाराखडी शिकवली, त्याच्या दहावीच्या वर्षी सोयगावहून दर शनिवारी एसटीनं येऊन त्याचा अभ्यास घेतला. आणि माझं एक वाक्य पुरं ऐकायला त्याला सवड नव्हती.

त्या दुपारी मी डब्याचे स्क्रू काढले. यजमान बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले. आत बोटभर धूळ होती. ती पुसल्यावर रुपयाएवढा सेल दिसला. त्यावरचा नंबर लिहून घेतला, नखानं खटका सरकवून सेल काढला आणि स्टेशनजवळच्या घड्याळवाल्या चाचांकडं गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, सेलवरचा नंबर वाचला, माझ्या कागदावरचा वाचला, दोन्ही ताडून बघितले आणि तसलाच नवा काढून दिला.

“लिखा हुआ बाजू वर ठेवा बाई,” एवढंच म्हणाले.

सेल बसवला, तारीख लावली, भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवलं. सकाळी तारीख बरोबर होती. यजमान म्हणाले, “एवढंच होतं?” मी आधी आबांच्या सगळ्या वह्या दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या आणि मग एकटीच त्या दुकानात गेले. जायची काही गरज नव्हती. पण गेल्याशिवाय मला जेवण गोड लागलं नसतं.

“सेल गेला होता,” मी दुकानदाराला सांगितलं.

“हां, जुन्या मशीनला बहुतेक तेच असतं.”

“मग फॉरमॅट कशाला सांगितलं?”

“मॅडम, एकेका गिऱ्हाइकाला समजावत बसायला टाइम कुठंय?”

“तुम्ही माझ्या वडलांच्या वह्या पुसल्या असत्या, आणि तारीख तरीही चुकतच राहिली असती.”

तो मोबाइल बघायला लागला. बाकावर नर्सच्या कपड्यातली एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, “मावशी, मलापण फॉरमॅटच सांगितलंय. निळा पडदा येतो आणि बंद पडतो. माझ्या परीक्षेच्या नोट्स आहेत त्यात.”

“पडद्यावर काय लिहून येतं?”

“माहीत नाही, लगेच जातं. पण फोटो काढलाय.”

“मॅडम, धंदा करू द्या,” दुकानदार म्हणाला.

मी तिला माझा पत्ता दिला. रविवारी ती आली. तिच्या फोटोतला मजकूर आम्ही डिक्शनरी घेऊन वाचला, सगळा काही कळला नाही. लॅपटॉप मधेमधे बंद पडत होता, तरी चालू असेल तेवढ्या वेळात तिच्या नोट्स थोड्या थोड्या करून आम्ही पेन ड्राइव्हवर उतरवल्या. त्याला चार तास लागले. दुरुस्त मात्र तो माझ्यानं झाला नाही. शेवटी तिनं तो दुसऱ्या दुकानात दिला आणि तिथं त्याला खरंच फॉरमॅट करावं लागलं. तिनं फोन करून तसं सांगितलं, तेव्हा माझी काही हरकत नव्हती. तिथल्या माणसानं आधी तिला विचारलं होतं, आणि तिनं हो म्हटलं होतं.