काकांचं मत साताऱ्याला

लखनऊच्या वृंदावन योजना वसाहतीत नवा मराठी माणूस राहायला आला, की त्याचं सामान ट्रकमधून उतरायच्या आत आमच्या खालच्या मजल्यावरचे काका त्याच्या दारात हजर! मूळचे साताऱ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांची हिंदी तीस वर्षांत सुधारली नाही, पण ती ऐकून ऐकून भाजीवाला भैया मात्र बऱ्यापैकी मराठी शिकला. बाजारात कुणी किलोभर कच्चे शेंगदाणे घेताना दिसलं, की काका मागून विचारायचेच, "कुठले तुम्ही?" एकदा अशा एक बाई निघाल्या कानपूरच्या. काकांनी त्यांनाही गणपतीच्या आरतीला बोलावलं आणि त्या पुढे दर वर्षी येत राहिल्या.

आरती संपली, की प्रसादाआधी काकांचं भाषण व्हायचं. "आपण इथं पाहुण्यासारखे राहतो. आणि नळाला पाणी का नाही, हे पाहुण्यानं विचारायचं नसतं! आधी इथल्या मतदार यादीत नाव घाला." माझा फॉर्म तर त्यांनी समोर बसून भरून घेतला. शेवटी नगर निगमच्या निवडणुकीला ते स्वतःच उभे राहिले. सूचक म्हणून समोरचे गुप्ताजी, बरोबर आम्ही दहा-बारा जण आणि काकूंनी दिलेला डबाभर शिरा, अशी आमची वरात अर्ज भरायला गेली. तिथल्या कारकुनांनी यादी दोनदा उलटीपालटी केली आणि चष्मा काढून म्हणाले, "बाबूजी, आपका तो नाम ही नहीं है."

नाव असणार कुठून? ते होतं गावाला! साऱ्या मराठी घरांची नावं यादीत घालणारा हा माणूस दर निवडणुकीला गाडी धरून साताऱ्याला जायचा आणि थोरले भाऊ रांगेत त्याची जागा धरून ठेवायचे. परतताना आम्ही हसून हसून बेजार झालो. गुप्ताजी तर म्हणाले, "काकाजी, पूरे मोहल्ले को बसाया, खुद ही रह गए!" काका हसले नाहीत. आलमबागच्या सिग्नलला ते हळूच मला म्हणाले, "तिथलं नाव काढलं, तर गावात मी कोण रे?" मला फार वाईट वाटलं. मघाशी हसल्याची लाजही वाटली.

गावाकडचं नाव इकडे आणायचा फॉर्म दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून होता. मग एका सकाळी कुणाला न सांगता त्यांनी तो भरून दिला. पुढच्या निवडणुकीत उभं राहण्याइतकी तब्येत उरली नव्हती, पण मतदानाला पहिला नंबर त्यांचाच. शाई लावलेलं बोट त्यांनी भाजीवाल्यापासून सगळ्यांना दाखवलं.

त्यानंतर गावाकडची निवडणूक आली. मी काकांकडे चहाला बसलो होतो. भावाचा फोन आला, काकांनी सवयीप्रमाणे स्पीकर लावला.

"कुठल्या गाडीनं येतोस?"

"दादा, माझं नाव आता इकडं आहे. यंदा माझी जागा धरू नको."

 पलीकडून म्हातारा आवाज आला, "धरतो की. हात मोडलाय का माझा?"