समुद्र कुठल्या हाताला

निघताना विमानतळावर सगळ्यांच्या आया डोळे पुसत होत्या; माझे बाबा बॅगेत पटाश्या कोंबत होते. लाकूड कोरायच्या. "चित्रं मी पाठवत जाईन, तू कोरत जा," म्हणाले. बाबा नाशिकला शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. दर दिवाळीला आमच्याकडून सगळ्यांना लाकडी ठशाचं भेटकार्ड जायचं. चित्र बाबांचं, कोरणं माझं, खाली सही बाबांची. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

इकडे आलेल्यांना पुढचं सांगायला नको: भाड्याची खोली, तासावारी कॅज्युअल शिफ्ट, मग पीआर, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहायची परवानगी. नोकरी सिडनीच्या लॅबमध्ये, राहणं वॉलॉंगॉंगला. शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मिचिको नावाच्या जपानी बाईच्या वुडब्लॉक क्लासला, लाकडी ठसे शिकायला, जायला लागले आणि बाबांची व्हॉट्सॲपवर आलेली चित्रं कोरायला लागले.

"छान. पण ह्यात तुझं काय?" मिचिकोने एकदा विचारलं. मग सांगितलं, जपानात पूर्वी चित्र एकाचं, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. पुढे काही हट्टी चित्रकार उठले: सगळं आमचं आम्हीच करणार. ते माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

क्लासचं प्रदर्शन ठरलं. बाबांनी उत्साहाने गोदाकाठाचं चित्र धाडलं. मी सांगून टाकलं, या वेळी चित्रही माझंच. "बरं. तुझी मर्जी," म्हणाले आणि फोन आईकडे. आई म्हणाली, "जेवलीस का?" त्यानंतर बाबा फोनवर येईनातच. फार वाईट वाटत होतं, पण मीही त्यांचीच मुलगी.

मी कामावरून परततानाची ट्रेन काढली: मध्ये रूळ, एकीकडे डोंगर, एकीकडे समुद्र. कोरलं, शाई लावली, कागद घासून उचलला. अगं बाई! सगळं उलटं. ठशावर चित्र उलटं काढायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण इतकी वर्षं बाबाच उलटवून द्यायचे, माझ्या हाताला ती सवयच नव्हती. "नो वरीज, कुणाला कळतंय?" मिचिको म्हणाली.

तरी फोटो बाबांना पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल. चष्मा कपाळावर.

"कोरलंयस झकास. पण समुद्र चुकलाय. घरी जाताना तुझ्या डाव्या हाताला असतो ना?"

नाशिक सोडून दुसऱ्या कशाला बाबांनी घर म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. मला रडूच आलं.

"उलटवून पाठवू का?"

"नको बाबा, माझं मी करते. सहीसुद्धा."

"कर. आणि एक प्रत इकडच्या घरी पाठव. लोकांना वाटायला नको, भिंतीवर लावायला."