लाइट गेली की पळणारा लॅपटॉप

आमच्या भागात तेव्हा रोज संध्याकाळी लाइट जायची. दोन हजार सालानंतरची ती भारनियमनाची वर्षं. लाइट गेली की शेजारपाजारचे वैतागून गॅलरीत यायचे आणि मी मात्र लगबगीने लॅपटॉपसमोर बसायचे. माझा लॅपटॉप चार्जर लावलेला असला की रेंगाळायचा, आणि बॅटरीवर आला की पळायला लागायचा.

मी घरी बसून बंगल्यांचे नकाशे काढून द्यायचे. निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराचं काम हातात होतं. चार्जर लावून एक भिंत जरा सरकवायची म्हटलं, तर तेवढ्यात कुकरची शिट्टी होऊन जायची. नुसत्या बॅटरीवर तो जेमतेम तासभर चालायचा आणि ती पुन्हा भरायला अख्खा दिवस लागायचा. म्हणून दिवसभर चार्जिंगला लावायचा आणि संध्याकाळच्या अंधारात काम उरकायचं, असं चाललं होतं. दुरुस्तीच्या दुकानात सगळं पुसून नव्याने भरून दिलं, तरी फरक पडला नाही. दुकानदार म्हणाला, मॅडम, तुम्ही उलटं सांगताय, बॅटरीवर हळू चालतो. नवऱ्यालाही तसंच वाटायचं.

माझ्यावर विश्वास होता तो फक्त सासूबाईंचा. अंधारात घरात उजेड म्हणजे माझा स्क्रीन, म्हणून त्या मेथीची जुडी घेऊन शेजारी बसायच्या आणि निवडता निवडता नकाशा बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "ह्या घराला मागचं दार कुठंय?"

"नाहीये, आई. त्यांनी मागितलंच नाही."

"त्यांनी म्हणजे कोणी? घरातल्या बाईला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निफाडला फोन करून बागायतदाराच्या बायकोशी बोलले. ती म्हणाली, "ताई, मला तर लय दिवसांपासून बोलायचं होतं. धुणंभांडं काय पुढच्या दारानं नेऊ?" त्याच संध्याकाळी मी मागची भिंत फोडून दार काढलं आणि बाहेर धुण्याची मोरी दिली. सासूबाई दोन दिवस खुशीत होत्या.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून माझी ताई राहायला आली. तिच्याकडेही त्याच कंपनीचा, पण लहान लॅपटॉप होता. सकाळी दोघी जेवणाच्या टेबलावर काम घेऊन बसलो. तिचा चार्जर आधीच भिंतीला लावलेला होता, म्हणून मी त्याचीच पिन माझ्या लॅपटॉपला लावली. आणि लाइट असताना भिंत झटक्यात सरकली. मी पुन्हा माझा चार्जर लावला, तर परत तेच रडगाणं.

ताईने दोन्ही चार्जर उलटे करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. एकावरचा वॅटचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा होता. मग उलगडा झाला. गणपतीत मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा चार्जरांची अदलाबदल झाली होती. दोन्ही काळे, पिनही सारखी. माझ्या मोठ्या लॅपटॉपला तिचा छोटा चार्जर पुरत नव्हता, म्हणून तो मिळेल तेवढ्या विजेवर स्वतःच सावकाश चालत होता. तिच्या लॅपटॉपला माझा चार्जर पुरून उरत होता, त्यामुळे तिची काही तक्रारच नव्हती.

"तरीच माझी बॅग एवढी जड लागायची," ताई म्हणाली.

सासूबाईंना समजावून सांगितलं, तर त्यांना लॅपटॉपचीच दया आली. "अर्धपोटी काम करत होता बिचारा," म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो भर दुपारीही पळायला लागला आणि बंगल्याचं काम आठवड्यात हातावेगळं झालं. पुन्हा घोळ नको म्हणून निघताना ताईने माझ्या चार्जरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि बाटली इथेच विसरली. सासूबाईंना ती युक्ती फारच पटली. मी बाजारातून येईपर्यंत नवऱ्याचा मोबाइलचा चार्जर, मिक्सरची पिन आणि इस्त्रीसुद्धा लाल ठिपक्याची झाली होती. सगळ्यांना एकच रंग.