पँट बघून पाडा पळाला

परवा रानशेतच्या पुढच्या एका पाड्यावर माझी नवी पँट कुडावर वाळत होती, मी कमरेला पंचा गुंडाळून बसलो होतो आणि समोरून ऑफिसची जीप आली... हसू नका, माझी नोकरी टांगणीला लागली होती.

तुम्हाला माहीतच आहे, मी कुठे टिकत नाही. चिखल्याला होडीवर गेलो, तलासरीला गवताच्या वखारीत राहिलो, मग तंबूतल्या सिनेमाबरोबर पार गुजरातेत भटकून आलो... त्या तंबूची गंमत वेगळीच, पण ते राहू दे. सध्या डहाणूला, विहिरी मंजूर करणाऱ्या ऑफिसात टेंपररी आहे.

तिथले हेडक्लार्क म्हणजे आमचे भाऊसाहेब. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि चकचकीत बूट! मी पहिल्या दिवशी लेंगा आणि चपला घालून गेलो, तर म्हणाले, "अहो, हे ऑफिस आहे, चिखल्याचा किनारा नाही. पँट, शर्ट आत, पायांत बूट. मगच कायम करायचं बघू."

शिवली मग पँट. आमचा गुजराती मास्तर टेप गळ्यात टाकून म्हणाला, "हवे तू साहेब लागे छे!" आता आपण साहेब दिसतो, असं मलाही वाटलं. बूट एका दोस्ताचे आणले.

तर परवा त्या पाड्यावर विहिरीच्या अर्जावर घराघराचे अंगठे घ्यायचे होते. त्याच दिवशी अंगठे झाले नाहीत, तर विहीर दुसऱ्या गावाला जाणार. आणि इथल्या बायका डबक्यातलं गढूळ पाणी गाळून पितात...

मी ऐटीत पोचलो. पाडा रिकामा! चुली पेटलेल्या, कोंबड्या फिरतायत, माणूस एक नाही. फक्त एक म्हातारी ओट्यावर बसलेली.

"आजी, सगळे गेले कुठे?"

"घरात लाकूड नाय, काय नाय. जा, बघून घे."

मी विहिरीचं बोलतोय, ही लाकडाचं... काही कळेना. ऊन मी म्हणत होतं. तोंडावर पाणी मारावं म्हणून डबक्याकडे उतरलो, तर दोस्ताचे बूट सटकले आणि मी कमरेपर्यंत चिखलात.

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने आपल्या मुलाचा पंचा दिला, पँट खंगाळून कुडावर टाकली आणि झाडीकडे बघून ओरडली, "या रं! जंगलवाला नाय, पोऱ्या हाय कुनाचा तरी!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे पँट-बूट घालून येतो तो जंगलवाला, म्हणजे जंगलखात्याचा माणूस, तोडलेलं सरपण पकडणारा. एकेक करत माणसं आली, विहिरीचं ऐकून खूश झाली. मला प्यायलाही दिलं... काय दिलं, ते ऑफिसच्या माणसाने लिहू नये.

अंगठे सुरू झाले आणि तेवढ्यात ती जीप. माझं काम तपासायला आलेल्या भाऊसाहेबांचा कोट उतरला, बूट उतरले. अर्धा पाडा पळायच्या बेतात उभा राहिला.

"हा ऑफिसचा वेश?" भाऊसाहेब कडाडले.

"भाऊसाहेब, आधी बूट काढा!"

"काय?"

"बूट काढा, नाहीतर विहीर गेली!"

मी भराभर सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी एकदा पाड्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पंच्याकडे. वाटलं, संपलं आपलं. पण ते जीपच्या पायरीवर बसले आणि लेस सोडायला लागले.

बूट निघाला, आणि मोज्याच्या भोकातून भाऊसाहेबांचा अंगठा बाहेर!

"अगं बया, ह्यो तर आपल्यातलाच!" म्हातारी म्हणाली. पाडा जो हसत सुटला... भाऊसाहेब लाजले, मग तेही हसले. कोट काढून मांडीवर शाईचं पॅड घेऊन बसले आणि शेवटच्या घरापर्यंत अंगठे झाले.

परतताना मसोली आल्यावर त्यांनी पुन्हा बूट चढवले. मग म्हणाले, "उद्या ऑफिसात पँट. शर्ट आत." आणि थोड्या वेळाने, "पंचा मात्र पिशवीत ठेवत जा. तुमची शिफारस मी पाठवतो."

म्हातारीचा पंचा अजून माझ्याकडेच आहे. विहिरीला पाणी लागलं की त्याच पाण्यात धुऊन तिला द्यायचा आहे... तोवर तरी मी कुठे भटकायला जात नाही.